सोबतीचा रकाना

जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी एकदमच यायला लागतात. द्राक्षं आणि अर्ज. द्राक्षं कुणी ना कुणी पिशवीतून आणतंच, कारण नाशकात प्रत्येकाचा एखादा मामा, मेव्हणा नाहीतर शेजारी बागायतदार असतो. आणि अर्ज येतात इंटर्नशिपचे, ढिगानं. ते चाळायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. एका हातानं मणी तोंडात टाकायचा, दुसऱ्या हातानं माउस फिरवायचा. "मी मेहनती आणि जिज्ञासू विद्यार्थी असून मला नवनवीन तंत्रज्ञान शिकण्याची आवड आहे." पुढचा अर्ज. "मी जिज्ञासू आणि मेहनती विद्यार्थिनी असून..." अरे बाबांनो, क्रम तरी बदललात, उपकार झाले!

हसता हसता मग आठवतं. हेच वाक्य मीही लिहिलं होतं. तेही स्वतःच्या मनानं नाही, प्राजक्ताच्या अर्जावरून उतरवून. प्राजक्ता माझी वर्गमैत्रीण, कॉलेज रोडवर राहणारी, आणि तिनं ते तिच्या भावाच्या अर्जावरून घेतलं होतं. त्या भावानं कुठून घेतलं होतं देव जाणे.

द्राक्षाचा मणी दाताखाली फुटला की मला आधी गोडी लागतच नाही, थंडी वाजते. पिंपळगावची सकाळची थंडी. आमच्याकडे थंडी पडते म्हणजे बोलायला लागलं तर तोंडातून आधी वाफ येते आणि मग शब्द. हायवेच्या कडेला टायरची शेकोटी, तिच्याभोवती डोक्याला स्कार्फ गुंडाळलेल्या बायका, आणि त्यांच्या मधोमध उभी राहून हात हलवत बोलणारी माझी आई. मंदाताई मुकादम. द्राक्षाच्या हंगामात पॅकहाऊसला लागणारी बायकांची टोळी आई जमवायची. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून पन्नासेक बाया, चार टेम्पो. सकाळी त्यांना गोळा करायचं, दिवसभर कात्री चालवून घड साफ करायचे, खराब मणी काढायचे, डब्यांत भरायचे, आणि संध्याकाळी पुन्हा जिची तिला दारात सोडायचं. वडील कांद्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, महिन्यातून चार दिवस घरी. बाकी सगळं आईच्या अंगावर. पण आईला कधी मी दमले म्हणताना ऐकलं नाही. "दमायला येळ कुठं हाय?" हे मात्र रोज ऐकलं.

मी कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला होते त्या हंगामात पॅकहाऊसच्या शेठनी फर्मान काढलं की कोण कुठल्या टेम्पोतून येणार त्याची छापील यादी रोज गेटवर पाहिजे. आईची यादी तोपर्यंत आईच्या डोक्यात होती. तिनं घरी येऊन माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू एवढं शिकती, एक यादी नाय का व्हनार तुझ्याच्यानं?"

झालं! मला चेवच आला. मी काय साधी यादी करणार होय? मी प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येकीचं नाव, गाव, कुठल्या थांब्यावर उभी राहते ते भरायचं आणि बटण दाबलं की प्रोग्रॅम आपोआप चारही टेम्पोंत बायका सारख्या वाटून टाकणार. एका टेम्पोत अठरा आणि एकात आठ, असली आईची गबाळी विभागणी बंद. चार दिवस मी त्याच्यावर खपले. छापील कागद हातात घेतला तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला कुणी धरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारूबाई राहिली.

पारूबाई साठीला टेकलेली, कात्रीवर हात सगळ्यांत हलका. तिच्या हातून घड सुटला म्हणजे तो आरशासमोरून उठून आल्यासारखा दिसायचा. पण तिला ऐकू कमी यायचं. टेम्पोचा हॉर्न तिला कधी ऐकूच गेला नव्हता. तो ऐकायची शेजारच्या गल्लीतली नसीम खाला. नसीम खाला हॉर्न ऐकून घरातून निघायची, वाटेत पारूबाईच्या पत्र्याच्या दारावर थाप मारायची, दार हललेलं पारूबाईला दिसायचं आणि दोघी मिळून थांब्यावर यायच्या. माझ्या प्रोग्रॅमनं दोघींच्या गल्ल्या वेगळ्या पाहिल्या, टेम्पो क्रमांक दोनमध्ये एक जागा रिकामी पाहिली आणि नसीम खालाला तिथे टाकून दिलं. तो टेम्पो वीस मिनिटं आधी यायचा, दुसऱ्या थांब्यावर. खालाला वाटलं, पारूला तिच्या टेम्पोवाल्यानं सांगितलं असेल. आणि पारूबाई डबा मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसली. तिचा टेम्पो आला, हॉर्न वाजवून गेला. ती बसलेलीच. टेम्पोची नव्हे, ती नसीमची वाट बघत होती.

दहा वाजता ती हायवेच्या कडेकडेनं चालत पॅकहाऊसवर पोचली. शनिवार होता, मी माझ्या यादीचं कौतुक ऐकायला मुद्दाम तिथे गेले होते. पारूबाईनं मला बघितलं, घाम पुसला आणि हसून म्हणाली, "पोरी, तुझ्या कम्पूटरनं मला वळखलं नाय गं."

रागावली असती तर परवडलं असतं. मी क्रेटच्या ढिगामागे जाऊन रडले. आई आली, तिनं माझ्या हातातला कागद घेतला, भिंतीला लावला, आणि कमरेचा पेन काढून नावांमध्ये रेघा ओढायला लागली. "ही हिच्यासंगं. ही कुत्र्यांना भेते, हिला थांब्यापत्तोर ही आनती. हिचं लेकरू हिच्या सासूपाशी ऱ्हातं, म्हून ह्या दोघींचं घर एकच समज. आन ह्या दोघी सख्ख्या जावा, पर एका टेम्पोत घालू नको बाई, दिवाळीपासून बोलत नायत." कागद रेघांनी भरून गेला. मग तिनं तो माझ्या हातात दिला. "नावं लिव्हली तू. सोबत कुठं लिव्हली?"

त्या रविवारी मी प्रोग्रॅममध्ये एक रकाना वाढवला. सोबत. आईला समोर बसवून एकेक नाव विचारत गेले आणि ती सांगत गेली. शेवटी तिचं नाव आलं. "आणि तुझी सोबत?" मी विचारलं. "माझं ऱ्हाऊ दे रिकामं," ती म्हणाली, "मी चढवनारी." आणि चहा टाकायला उठली.

मला आज नवल वाटतं ते याचं, की एवढं सगळं घडूनही वर्षभरानं अर्ज करायची वेळ आली तेव्हा हे काम अर्जात लिहावं असं माझ्या मनातदेखील आलं नाही. आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचं दुसरं सत्र म्हणजे इंटर्नशिपचा हंगाम. ज्याला कंपनी मिळाली तो सुटला, तिथेच पुढे नोकरी लागायची शक्यता. बाकीच्यांनी कॉलेजात बसून प्रोजेक्ट करायचा आणि पुढे आपलं नशीब. माझं नशीब तर ठरलेलंच होतं. शेठनी आईला सांगून ठेवलं होतं, "पोरगी हुशार आहे, बिलं टाकायला आपल्या ऑफिसात बसव." चांगल्या मनानंच म्हणाले होते. पण आईनं मला बजावलं, "या गेटातून मी आत गेले तेवढं बास. तू दुसरं गेट बघ." म्हणजे इंटर्नशिप मिळाली तर दुसरं गेट, नाही मिळाली तर हेच. इतकं सरळ गणित होतं.

मी अकरा ठिकाणी अर्ज टाकले. नाशकात कॉलेजला जाताना बसमध्ये ओझर गेलं की मोबाईल काढायचा, ईमेल बघायचा, आडगाव आलं की पुन्हा बघायचा. नकार आला तरी बरं वाटायचं, निदान कुणीतरी वाचलं म्हणून. बाकी सगळीकडे सामसूम. अर्जात मी प्रोजेक्ट म्हणून 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' लिहिली होती. ती काही मी केलेली नव्हती. ती आमच्या कॉलेजात पेनड्राइव्हमधून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती, लग्नाच्या रुखवतातली भांडी फिरतात तशी. सगळ्यांची तीच. पण तिचं नाव इंग्रजीत होतं आणि ती भारी वाटायची. आईच्या बायकांची यादी मराठीत होती, तिच्यात पारूबाई होती, तिला कोण भारी म्हणणार?

मग बारावा अर्ज टाकला आणि तिथून बोलावणं आलं. कॅनडा कॉर्नरजवळची एक छोटी कंपनी, दुसऱ्या मजल्यावर. मंगळवार, सकाळी अकरा. मी घरी सांगितलं आणि आई म्हणाली, "मी येते सोबत."

"अगं, इंटरव्ह्यूला कुणी आईला घेऊन जातं का? हसतील लोक."

"मी काय आत येनारे? भाईर बसते."

"आणि टोळी?"

"नसीम बघंल. एक खाडा झाला तर काय डोंगर कोसळत नाय."

ऐन हंगामात आईनं खाडा केल्याचं मला तरी आठवत नव्हतं. तापात सुद्धा जायची ती. मला तेव्हा हे कळायला हवं होतं, पण मला दिसत होती ती फक्त तिच्या हातातली पिशवी. पिशवीत द्राक्षांचा डबा. "मोकळ्या हातानं जायचं व्हय कुनाकडं?" मी बसमध्ये तिच्याशी भांडले. द्राक्षं घेऊन इंटरव्ह्यूला जातात का, ही काय सोयरीक आहे का? आई खिडकीतून बाहेर बघत राहिली. द्राक्षाच्या चिकानं काळी पडलेली बोटं तिनं पदराखाली घेतली होती. मला ते दिसलं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं बरंच वाटलं होतं.

इमारतीसमोर चहाची टपरी होती. तिथल्या बाकड्यावर मी आईला बसवलं आणि वर गेले. वर एक फॉर्म भरायला दिला. नाव, पत्ता, टक्केवारी. वडिलांचा व्यवसाय: वाहतूक. आईचा व्यवसाय. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं 'प्राध्यापिका' लिहिलेलं मला दिसत होतं. मी लिहिलं, 'गृहिणी'. पेन जरासुद्धा अडखळला नाही.

आतल्या मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी आणि पायात बूट. त्यांनी माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला, लायब्ररीचा प्रोग्रॅम उघडला आणि हसायलाच लागल्या. लॉगिनच्या पानावर नाव होतं: योगेश. आमच्या कुठल्याशा सीनियरचं नाव. इतक्या हातांतून तो प्रोग्रॅम गेला, पण योगेशला काही कुणी हलवलं नव्हतं.

"सकाळपासून हा तिसरा योगेश," मॅडम म्हणाल्या. "भला माणूस दिसतोय. पण तो आज आलेला नाही ना? तू आली आहेस. तू स्वतः काय केलंस ते सांग. चुकलेलं असलं तरी चालेल."

कानशिलं तापली होती माझी. आता गेलंच आहे सगळं, मग लपवायचं कशाला, असं वाटलं आणि मी पारूबाईचं सांगून टाकलं. टेम्पो, थांबे, पत्र्याचं दार, भिंतीवरचा कागद आणि त्याच्यावरच्या रेघा. सांगताना मी इंग्रजी सोडून कधी मराठीवर आले कळलंच नाही. माझं संपल्यावर त्यांनी माझा फॉर्म पुढे ओढला.

"ही यादी ज्यांची, त्या मुकादम तुझ्या कोण?"

"आई."

"इथे तर गृहिणी लिहिलंय."

मला आजही ती खोली आठवते. पंख्याचा आवाज, टेबलावरची पेन्सिल, सगळं. "खोटं लिहिलंय, मॅडम," मी म्हणाले.

"आई कुठे असतात आता?"

"खाली आहे. टपरीवर."

"खाली का?"

बारा ठिकाणी अर्ज केले, ढीगभर प्रश्नांची उत्तरं पाठ केली, त्यात हा प्रश्न नव्हता. मॅडम म्हणाल्या, "बोलाव वर."

आई आली. काचेच्या दाराशी चपला काढायला लागली, मॅडमनी राहू द्या म्हटलं तरी काढल्याच. आधी पिशवीतला डबा टेबलावर ठेवला, मग बसली. मॅडमनी एक मणी तोंडात टाकला आणि सरळ कामाचंच विचारलं, "ताई, हिच्या यादीत आता सगळं बरोबर आहे? काही राहिलंय का?"

मला वाटलं आई लाजेल, नाही-नाही म्हणेल. छे! ती खुर्चीत पुढे सरकली. "ऱ्हायलंय ना. चढली कोन ते लिव्हलंय तिनं. उतरली कोन ते कुठं हाय? सांजच्याला मी गल्लीगल्लीला मान भाईर काढून बघते, बाई घरात गेली का नाय. घरात गेली म्हंजे माझी यादी पुरी झाली."

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे इथे बसून पूर्ण करायचं. सोमवारपासून ये." आणि फॉर्म माझ्यासमोर सरकवला. "तेवढं दुरुस्त कर."

आईच्या डोळ्यांदेखत मी 'गृहिणी' खोडलं. त्या शब्दावर रेघ ओढताना पेन केवढा जड झाला होता म्हणून सांगू! शेजारी लिहिलं, 'मुकादम'. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिला वाचता येत होतं.

परतीच्या बसमध्ये मी बोलायचं टाळत होते. आडगाव गेलं, दहावा मैल गेला. दोन्ही बाजूंना बागा, कुठे कुठे क्रेट भरून उभे असलेले टेम्पो. एकदम आई म्हणाली, "आधी गृहिणी लिव्हलं व्हतं ना तू?"

"हो."

"चूक नाय काही. घर बी मीच चालिवते."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही, समजूत काढायला म्हटलं, आणि म्हणूनच मी पिंपळगाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. तिनं पाठीवर हात ठेवला. चिकाचा वास येत होता त्या हाताला, हिरवट, किंचित तुरट. माझ्या इंटर्नशिपचा वास विचाराल तर तो.

त्यालाही आता बरेच हंगाम झाले. पारूबाई गेली. मॅडम मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, मी त्याच कंपनीत राहिले. इंटरव्ह्यूच्या दिवशी मी सकाळी आधी खाली उतरते. टपरीच्या बाकड्यावर कुणी ना कुणी असतंच. परवा देवळ्याहून आलेला एक बाप होता, कानटोपी घातलेला, मांडीवर हेल्मेट. "आम्ही इथंच बरे, मॅडम," म्हणाला. मी त्याला वर नेऊन बसवलं. पोरगी आतून बाहेर आली, बापाला सोफ्यावर बघून गोरीमोरी झाली. कळलं मला. चांगलंच कळलं.

या हंगामापासून आई जात नाही. गुडघे बोलायला लागलेत. टोळी नसीम खालानं हातात घेतली. यादीचा प्रोग्रॅम अजून तोच आहे, काही बदल असला की खाला मला फोन करते. परवाही आला. "बेटा, वो लिस्टमधून मंदाचं नाव काढ, उसकी जगा दुसरी बाई भरायची हाय." मी फाइल उघडली. आईची ओळ सापडली. नाव, गाव, थांबा, टेम्पो एक. आणि सोबतीचा रकाना रिकामा. इतके हंगाम गेले, रिकामाच. ओळ काढली मी, पण बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसले होते.

गुरुवारी तिला नाशकात गुडघ्याच्या डॉक्टरकडे आणायचं ठरलं. नेमके त्याच दिवशी इंटरव्ह्यू. फोनवर मला म्हणाली, "तुझी ती इंटरव्ह्यूची पोरं येनारेत ना? मी येते एकटी, बशीनं. तू कशाला खाडा करती?"

"मी काय आत येणारे?" मी म्हटलं, "बाहेर बसते."

पलीकडे ती हसली.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला. मी आईला खुर्चीवर बसवून भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग रुग्णाचा व्यवसाय. माझा पेन थांबलेला आईनं पाहिला. मान पुढे काढून तिनं कागद वाचला आणि डोळे मिचकावून म्हणाली, "लिव्ह की. गृहिणी. आता खरं हाय."

मी 'मुकादम' लिहिलं, ठळक. त्याच्या खालच्या ओळीत विचारलं होतं: रुग्णासोबत आलेल्या व्यक्तीचे नाव. तिथे मी माझं नाव घातलं आणि कागद तिच्यापुढे धरला. आईनं तो लांब धरून नीट वाचला, आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला बसायला जागा करून दिली.